स्वस्त स्पंज, पण कोणत्या हीटला? जालन्यातील एका सळई कारखान्याचे प्रकरण

पार्श्वभूमी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना मध्यम आकाराचा, विजेच्या इंडक्शन भट्ट्यांत लोखंड वितळवून सळई करणारा. १२ टनांच्या क्रूसिबलच्या (धातू वितळवण्याच्या भांड्यांच्या) दोन जोड्या आणि प्रत्येक जोडीला ६ मेगावॉटचा एक पॉवर पॅक. एका क्रूसिबलमध्ये हीट, म्हणजे वितळवण्याची एक खेप, चालू असते तेव्हा दुसऱ्याचे लायनिंग, म्हणजे आतले उष्णतारोधक अस्तर, होते. वितळलेला धातू लॅडलमधून (ओतण्याच्या बादलीतून) कास्टिंग मशीनवर जातो आणि तिथून निघालेले बिलेट (लांब चौकोनी ठोकळे) गरम असतानाच थेट रोलिंग मिलमध्ये. महिन्याला साधारण ६,००० टन बिलेट, आणि त्या जवळपास सगळ्याची टीएमटी सळई. ओळख पटू नये म्हणून आकडे गोल केले आहेत. भाव दिले आहेत ते या कारखान्याला पडलेले, पोहोच आणि जीएसटी सोडून.

जालन्यात ना लोहखनिज आहे ना कोळसा. भंगार मुंबई-पुण्याकडून आणि न्हावाशेवा बंदरातून कंटेनरने येते, स्पंज आयर्न (लोहखनिज न वितळवता कोळशाने ऑक्सिजन काढून केलेले लोह) रायपूर आणि चंद्रपूरकडून ट्रकने. त्यामुळे इथल्या प्रत्येक भट्टीचे गणित दोनच गोष्टींवर उभे असते: वीज आणि चार्ज, म्हणजे भट्टीत टाकायचा माल. वीजदर आपल्या हातात नाही. चार्जमध्ये भंगार किती, स्पंज किती आणि बिडाचे (ओतीव लोखंडाचे) भंगार किती, एवढेच हातात.

एप्रिल २०२२ मध्ये या कारखान्याचा चार्ज असा होता: भंगार ६८ टक्के, स्पंज ३०, बीड २. ऑर्डरींपैकी सुमारे ३५ टक्के माल एफई ५००डी ग्रेडचा होता. पूल, रस्त्यांची सरकारी कामे आणि मोठे बिल्डर तो घेत. बाकी एफई ५०० विक्रेत्यांमार्फत घरबांधणीला जाई. या दोन ग्रेडमधला फरक पुढे महत्त्वाचा ठरला. आयएस १७८६ नुसार एफई ५०० मध्ये फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०५५ टक्के चालतो, ५००डी मध्ये ०.०४०. तयार सळईच्या तपासणीत त्यावर ०.००५ ची सूट मिळते, त्यापुढे माल नापास.

काय घडले

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि कोकिंग कोळसा, भंगार, पिग आयर्न सगळ्यांचेच भाव उसळले. एप्रिलमध्ये देशात कोळशाची टंचाई झाली. रेल्वेच्या रेक आधी वीजकेंद्रांकडे वळल्या, स्पंजवाल्यांच्या किल्नना (स्पंज बनवण्याच्या भट्ट्यांना) कोळसा अपुरा पडू लागला आणि स्पंज जालन्यात पोहोच ४१,००० रुपये टन झाला. स्थानिक भंगार ४७,००० होते.

अशा वेळी खरेदी-प्रमुखांनी एप्रिलच्या मध्याला ४० कंटेनर, म्हणजे सुमारे १,००० टन हेवी मेल्टिंग भंगार, ५६५ डॉलर टनाने न्हावाशेवा पोहोच बुक केले. डॉलर तेव्हा साडेशहात्तर रुपयांना. बंदराचा खर्च आणि जालन्यापर्यंतचे भाडे धरून माल ४६,२०० ला पडणार होता. ९० दिवसांच्या मुदतीचे लेटर ऑफ क्रेडिट उघडले. त्या दिवशीचे भाव पाहिले तर सौदा चुकीचा नव्हता, हे आधीच नोंदवायला हवे. नंतर त्या सौद्याला नावे ठेवणारे बरेच निघाले.

२१ मे २०२२ च्या संध्याकाळी केंद्र सरकारने निर्यात शुल्काची अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवसापासून ती लागू झाली. लोहखनिजावर ५० टक्के, पेलेटवर (लोहखनिजाच्या भुकटीच्या गोळ्यांवर) ४५ टक्के आणि सळईसह बऱ्याचशा पोलादावर १५ टक्के. पोलादावरच्या शुल्काची चर्चा जास्त झाली, पण जालन्याच्या दृष्टीने खरी कळ पेलेटच्या शुल्कात होती. निर्यात थांबल्यावर पेलेट देशातच साठू लागले. रायपूरकडच्या स्पंज किल्नना कच्चा माल स्वस्तात मिळू लागला आणि स्पंजचा भाव घसरला. भंगारही उतरले, पण त्याची दोरी जागतिक बाजाराच्या हातात, त्यामुळे ते तेवढे उतरले नाही.

जूनच्या मध्याला स्पंज पोहोच २८,५०० आणि स्थानिक भंगार ३६,५०० होते. सळई एप्रिलच्या भावापेक्षा टनामागे पंधरा हजारांहून जास्त खाली आली होती. त्यात पाऊस तोंडावर, म्हणजे मागणीही मंद.

समस्या

एकाच आठवड्यात दोन प्रश्न टेबलावर आले. समुद्रात असलेल्या ४० कंटेनरचे काय करायचे? आणि भंगार व स्पंज यांच्या भावात ८,००० रुपयांचा फरक पडला आहे, तर चार्ज किती आणि किती लवकर बदलायचा?

दोन्ही प्रश्न खरेदी विभागाचेच आहेत असे समजून त्यावर चर्चा झाली. मेल्टर (भट्टी चालवणारा) आणि प्रयोगशाळेचा रसायनज्ञ त्या बैठकीत नव्हते. पुढची बरीचशी गुंतागुंत इथूनच सुरू झाली.

कंटेनरचे पर्याय

सौदा मोडणे हा पर्याय कागदावरही नव्हता. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये बँक कागदपत्रांवर पैसे देते, मालावर नाही. कागद नियमात असले की मुदतीला पैसे जाणारच. तरीही दोन दिवस या चर्चेत गेले, कारण पुरवठादाराने बाजार पडल्यावर ‘काहीतरी बघू’ असे म्हटले होते. त्याने काहीच पाहिले नाही.

दुसरा पर्याय माल बंदरात उतरण्याआधीच हाय-सी विक्री करण्याचा. ४०० डॉलरची ऑफर आली. म्हणजे टनामागे १६५ डॉलरचा तोटा, मुदतीच्या वेळच्या विनिमय दराने सुमारे १३,२०० रुपये. तिसरा पर्याय माल बंदरात ठेवून भाव सुधारायची वाट पाहण्याचा. मोफत दिवस संपले की कंटेनरचे डिटेन्शन (उशिरा परत केल्याचा आकार) आणि बंदराचे भाडे रोज चढत जाते, आणि भंगारासारख्या मालाला ते झेपत नाही.

राहिला चौथा: माल आणायचा आणि वापरायचा. जुलैअखेर पैसे भरायच्या वेळी डॉलर ८० च्या घरात पोहोचला होता. फॉरवर्ड कव्हर (डॉलरचा दर आधीच बांधून घेण्याचा करार) घेतलेले नव्हते. माल शेवटी ४८,००० ला पडला. स्थानिक भंगार ३६,५०० असताना टनामागे ११,५०० चा तोटा, म्हणजे १,००० टनांवर १ कोटी १५ लाख. त्यातले जवळपास १९ लाख केवळ रुपया घसरल्याने गेले. हाय-सी विक्रीपेक्षा हा पर्याय टनामागे १,७०० रुपयांनी बरा, म्हणून तोच ठरला.

मालकांची सूचना होती की हे भंगार ‘पुरवून पुरवून’ वापरावे, म्हणजे तोटा एका महिन्यात दिसणार नाही. हिशेबनिसांनी विरोध केला आणि तो योग्य होता. माल यार्डात आला की त्याची किंमत त्या दिवशीच्या स्थानिक भंगाराएवढीच. ४८,००० ही किंमत हीटच्या खर्चात धरली तर प्रत्येक हीट तोट्यात दिसेल आणि चार्जचे निर्णय चुकतील. शेवटी ११,५०० चा फरक खरेदीतला तोटा म्हणून एकदाच वेगळा लिहिला आणि साठा ३६,५०० ने धरला. एवढे केल्यामुळे पुढचे गणित स्वच्छ राहिले.

चार्जचे गणित

८,००० चा फरक पाहून खरेदी विभागाने स्पंज ३० वरून ५५ टक्क्यांवर न्यायचा प्रस्ताव ठेवला. खरेदीच्या भावाने हिशेब मांडला होता. पण भट्टीवाल्याला टन विकत घेण्याचा भाव नको, ओतलेल्या टनाचा भाव हवा.

भंगार १०० टन टाकले तर साधारण ९३ टन धातू मिळतो. कोळशावर बनलेल्या स्पंजमध्ये धातुरूप लोह ८० टक्क्यांच्या आसपास असते. उरलेल्यात न सुटलेले लोह ऑक्साइड आणि सिलिका-अॅल्युमिना. हाती ८१ टन लागतात. म्हणजे भंगारापासूनचा एक टन धातू ३६,५०० भागिले ०.९३ = ३९,२५० रुपयांना, आणि स्पंजपासूनचा २८,५०० भागिले ०.८१ = ३५,२०० रुपयांना. ८,००० चा फरक इथेच निम्म्यावर, ४,०५० वर आला.

आता वीज. स्पंजमधली माती वितळवायला आणि ऑक्साइड सोडवायला वीज लागते. या भट्टीच्या नोंदींवरून स्पंजपासूनच्या एका टन धातूला भंगारापेक्षा सुमारे २०० युनिट जास्त पडत होते. साडेसात रुपये युनिट धरले तर १,५०० रुपये. लायनिंग, जादा कार्बन आणि स्लॅग (वर तरंगणारी मळी) उपसण्याची मजुरी मिळून आणखी ४०० रुपये. उरले सुमारे २,१५० रुपये.

म्हणजे फायदा होता, पण ८,००० चा नव्हे. हाच हिशेब उलटा फिरवला की कामाचे सूत्र मिळते: भंगाराचा भाव भागिले ०.९३, त्यातून वीज आणि इतर जादा खर्चाचे १,९०० वजा, आणि आलेल्या आकड्याला ०.८१ ने गुणायचे. स्पंज त्याच्या खाली मिळाला तरच तो स्वस्त. भंगार ३६,५०० असेल तर ही रेषा ३०,२५० वर येते, म्हणजे निदान ६,२५० चा फरक हवा. भंगार ४७,००० असेल तर ७,६०० चा. एप्रिलमध्ये ६,००० चा फरक होता, म्हणजे तेव्हा भंगारच परवडत होते. ‘फरक इतका झाला की स्पंज वाढवायचा’ असा एक ठरलेला आकडा बऱ्याच यार्डांत तोंडपाठ असतो. भाव चढे असताना तो हमखास फसवतो.

५५ टक्क्यांवर गेल्यास बिलेटच्या टनामागे साधारण ५३० रुपये, महिन्याला ३० लाखांच्या वर बचत दिसत होती. हीटचा वेळ १०० मिनिटांवरून १२० वर जाणार होता. पण मागणी मंद असल्याने गेलेल्या हीटची किंमत त्या वेळी शून्य होती. तेजीत हाच हिशेब वेगळा येईल. तेव्हा रोजच्या दोन हीट कमी होणे हा सगळ्यात मोठा खर्च ठरतो.

गणित बरोबर होते. त्यात फॉस्फरस कुठेच नव्हता.

पहिली कृती आणि परत आलेले ट्रक

जूनच्या मध्यापासून सरसकट सगळ्या हीटना ५५ टक्के स्पंज, ४० टक्के भंगार आणि ५ टक्के बीड असा चार्ज लागू झाला. बीड वाढवण्याचे कारण उघड होते. स्पंजमधले लोह ऑक्साइड सोडवायला बाथमध्ये (वितळलेल्या धातूत) कार्बन हवा आणि बिडात तो तीन टक्क्यांच्या वर असतो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात पुलाच्या एका कामावरून ५००डी चे दोन ट्रक, ५८ टन माल, परत आले. त्रयस्थ प्रयोगशाळेत फॉस्फरस ०.०४९ आणि ०.०५० निघाला होता. ताण, वाकवणे, लांबणे या सगळ्या चाचण्या पास.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, कागदावर गुणाकार केला असता तर आधीच दिसले असते. सिलिकाच्या लायनिंगच्या इंडक्शन भट्टीत फॉस्फरस निघत नाही. चार्जमध्ये आलेला सगळा धातूतच राहतो, आणि उतारा (टाकलेल्या मालातून मिळणारा धातू) कमी असल्याने आणखी दाट होतो. या कारखान्याच्या नोंदींप्रमाणे भंगारात फॉस्फरस सरासरी ०.०२६, स्पंजमध्ये ०.०४५ आणि बिडात ०.१२ होता. जुन्या चार्जने १०० टनांतून ८९.४ टन धातू निघे आणि फॉस्फरस ०.०३७-०.०३८ येई. नव्या चार्जने ८६.५ टन धातू आणि ०.०४७-०.०४८. त्यावर शेवटी टाकायच्या सिलिको मँगनीज या मिश्रधातूची भर. टनाला १२ किलो टाकले आणि त्यात पाव टक्का फॉस्फरस असला तर आणखी ०.००३. बेरीज ०.०५०.

म्हणजे एप्रिलमध्येही कारखाना ०.०४० च्या काठावरच चालत होता. तेव्हा सूट पदरी पडत होती, इतकेच.

मग आपल्या प्रयोगशाळेने हे का पकडले नाही? दोन गोष्टी एकत्र आल्या. नमुना भट्टीतून, शेवटचा दीड टन स्पंज आणि सिलिको मँगनीज टाकण्याआधी घेतला जात होता. त्यामुळे स्पेक्ट्रोवर (रासायनिक तपासणीच्या यंत्रावर) ०.०४४-०.०४५ दिसे. आणि प्रयोगशाळेने ०.०४५ हीच पासची रेषा धरली होती. ती सूट सळईच्या तपासणीतल्या फरकासाठी असते, भट्टीवर खर्च करून टाकण्यासाठी नाही. ०.०४५ च्या वरच्या हीट इमानाने एफई ५०० कडे वळवल्या जात होत्या, त्यामुळे सगळे नियमात चालले आहे अशीच समजूत होती.

परत आलेला माल एफई ५०० म्हणून विकावा असे एका विक्री अधिकाऱ्याने सुचवले. रसायनाच्या दृष्टीने तो ५०० मध्ये बसत होता, पण सळईवर रोलमधूनच ५००डी चा शिक्का उठलेला असतो. तो घासून जात नाही. माल कापून वितळवण्याशिवाय मार्ग नव्हता. सळई आणि भंगाराच्या भावातला फरक आणि दोन्ही फेऱ्यांचे भाडे धरून दहा लाखांच्या वर गेले. त्या कंत्राटदाराकडची मान्यता तीन महिने थांबली, ते वेगळेच.

दुरुस्तीचे पर्याय

चार मार्ग चर्चेला आले. या वेळी मेल्टर आणि रसायनज्ञ बैठकीत होते.

लॅडल रिफायनिंग फर्नेस (लॅडलमध्येच धातू शुद्ध करणारी भट्टी) बसवण्याची कल्पना विक्रेत्याने चांगली रंगवली होती. त्या भट्टीत गंधक उत्तम उतरते, फॉस्फरस नाही. फॉस्फरस निघायला ऑक्सिडायझिंग वातावरण, चुन्याचा स्लॅग आणि तुलनेने कमी तापमान लागते, आणि लॅडल फर्नेस नेमकी उलट परिस्थिती तयार करते. प्रश्न गंधकाचा असता तर विचार करण्यासारखे होते.

भट्टीतच चुना टाकून पाहावा, हा दुसरा मार्ग. तीन हीट घेतल्या. फॉस्फरस ०.०४७ वरून ०.०४३ वर आला, पण सिलिकाचे लायनिंग चुन्याने खाल्ले आणि नवव्या हीटला क्रूसिबल बंद करावे लागले. त्यासाठी अॅल्युमिनाचे न्यूट्रल लायनिंग लागते आणि त्याचा खर्च या कारखान्याच्या ३५ टक्के मालासाठी परवडत नव्हता.

तिसरा मार्ग सगळ्याच हीट परत ३० टक्क्यांवर आणायचा. सुरक्षित, पण महिन्याची सगळी बचत सोडून द्यायची.

चौथा: ग्रेडप्रमाणे वेगळा चार्ज. ५००डी च्या हीटला ३० टक्के स्पंज, ७० टक्के भंगार, बीड अजिबात नाही, आणि कार्बनसाठी कमी गंधकाचा कॅल्साइन्ड कोक. गणित ०.०३५-०.०३६ येत होते, सिलिको मँगनीज धरून ०.०३९ च्या आत. एफई ५०० च्या हीटला ६० टक्के स्पंज, अंतिम फॉस्फरस ०.०५१. सरासरी स्पंज ५० टक्क्यांच्या जवळ राहतो आणि बचतीचा बहुतेक भाग टिकतो. हा मार्ग ठरला.

इथे त्या महागड्या कंटेनरना काम मिळाले. आयात भंगारात बिडाची भेसळ नव्हती आणि फॉस्फरस कमी होता, म्हणून ते ५००डी साठी राखले. मात्र याने तोटा ‘वसूल झाला’ असे म्हणता येत नाही. तेवढ्याच प्रतीचे भंगार निवडून घेतले असते तर स्थानिक बाजारात फार तर हजार रुपये जास्त मोजावे लागले असते.

भट्टीवर काय बदलले

आधी नमुना. भट्टीतला नमुना चालू ठेवला, पण ५००डी साठी रेषा ०.०३६ केली. लॅडलमधून दुसरा नमुना सुरू केला आणि त्याची रेषा ०.०३९. हीट लॅडलमध्ये नापास झाली तर बिलेटला टोकावर लाल रंग, आणि मिलमध्ये रोल एफई ५०० चा असल्याखेरीज ते बिलेट आत जात नाही. थेट गरम बिलेट मिलला जात असल्याने हा निरोप पाच मिनिटांत पोहोचावा लागतो. म्हणून ५००डी च्या हीट दिवसा सलग आठ-दहा घ्यायच्या आणि त्या पाळीत ग्रेड बदलायचाच नाही, असे ठरले.

याला विजेनेही साथ दिली. त्या काळच्या महावितरणच्या दरात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपयाची सवलत होती आणि संध्याकाळी ६ ते १० मध्ये १ रुपया १० पैसे जादा. स्पंजची हीट जास्त वीज खाते, म्हणून ती रात्री. दिवसा भंगाराची हीट. संध्याकाळच्या चार तासांत लायनिंगचे पॅचिंग आणि देखभाल.

स्पंज टाकण्याची पद्धत बदलणे सगळ्यात अवघड गेले. जूनमध्ये कामगार स्पंज भंगारात मिसळूनच टाकत. त्यामुळे वर स्पंजची साय धरे, ती फोडायला सळईने ढोसावे लागे, आणि मध्येच कार्बन आणि ऑक्साइडची गाठ पडली की बाथ उसळून बाहेर येई. एका क्रूसिबलचे लायनिंग, जे एप्रिलमध्ये सरासरी २२ हीट टिके, ते १४ वर आले. लोह ऑक्साइड सिलिकाशी मिळून १,२०० अंशांच्या आसपासच वितळणारे संयुग बनवते. सिलिकाची भिंत त्याने झिजते, आणि सगळ्यात जास्त झिजते ती स्लॅगच्या रेषेवर.

नवी पद्धत अशी: आधी भंगार टाकून क्रूसिबलचा चौथा भाग बाथ तयार करायचा आणि कार्बन तेव्हाच द्यायचा. मग पूर्ण पॉवरवर स्पंज सतत, बाथच्या मध्यभागी, मिनिटाला १३० ते १४० किलोपेक्षा जास्त नाही. ६ मेगावॉटची भट्टी तेवढाच पचवते, त्यापेक्षा वेगाने टाकला की साय धरणारच. स्लॅग दोनदा काढायचा. पूर्वी हीटला जेमतेम ४०० किलो निघणारा स्लॅग आता साडेसातशेवर गेला होता आणि तो शेवटपर्यंत साठवला तर लायनिंग खातो आणि वीजही. तीन मिमीपेक्षा बारीक चुरा वेगळा चाळायचा, कारण तो वितळण्याआधीच स्लॅगमध्ये अडकतो. ऑगस्टपर्यंत लायनिंग १८ हीटवर स्थिरावले. २२ काही परत आले नाही.

पावसाळ्याने आणखी एक धडा दिला. जुलैत ताडपत्री फाटलेला एक ट्रक भिजून आला आणि घाईत तो शेडमध्ये जुन्या ढिगावरच ओतला. दुसऱ्या दिवशी ढीग तापून धुमसू लागला. भिजलेला स्पंज ऑक्सिडाइझ होताना उष्णता सोडतो. तापलेल्या ढिगावर पाणी मारू नये, हायड्रोजन तयार होतो. लोडरने ढीग पसरवून, कोरडी वाळू टाकून तो थंड केला. त्या मालाचे धातुरूप लोह ८० वरून ७२ पर्यंत उतरले होते. त्यानंतर ओला ट्रक काट्यावरूनच परत पाठवायचा असे ठरले आणि पुरवठ्याच्या करारात दोन कलमे आली: धातुरूप लोह ८० च्या खाली प्रत्येक टक्क्याला टनामागे ४०० रुपये कपात, आणि प्रत्येक लॉटसोबत फॉस्फरसचा दाखला, मर्यादा ०.०४५.

निष्पत्ती

जुलै ते सप्टेंबर या काळात सरासरी स्पंज ४८ ते ५० टक्के राहिला. बिलेटच्या टनामागे ४०० रुपयांच्या आसपास, म्हणजे महिन्याला २० ते २३ लाख रुपयांची बचत झाली. विजेचा वापर टनाला ६१० युनिटवरून ६५० वर गेला. वीजबिलात इंधन समायोजन आकार वाढल्यामुळे १,९०० चा आकडा दर महिन्याला नव्याने काढावा लागला. ५००डी मध्ये पुन्हा एकही लॉट परत आला नाही. ऑक्टोबरमध्ये थांबलेली मान्यता परत मिळाली, मात्र पहिल्या पाच लॉटना त्रयस्थ तपासणीची अट घालून.

१९ नोव्हेंबर २०२२ पासून पेलेटचे निर्यात शुल्क रद्द झाले आणि पोलादावरचेही. पेलेट पुन्हा बंदराकडे निघाले, स्पंज चढू लागला. जानेवारीत दोन भावांतला फरक सात हजारांच्या आत आला तेव्हा कारखान्याने एफई ५०० चा चार्जही ३५ टक्के स्पंजवर आणला. हा निर्णय दर सोमवारी सूत्रावरून होतो, म्हणून त्याला बैठक लागली नाही.

काय वेगळे करता आले असते

१,००० टन एका सौद्यात घेणे टाळता आले असते. चार आठवड्यांत २५०-२५० टन घेतले असते तर शेवटचे दोन भाग शुल्काच्या अधिसूचनेआधीच्याच घसरणीत स्वस्त पडले असते किंवा थांबवता आले असते. सरकार निर्यात शुल्क लावेल हे कुणालाच ओळखता आले नसते. पण भाव विक्रमी असताना साठा किती दिवसांचा ठेवायचा हे ओळखता येते. फॉरवर्ड कव्हरचा खर्च टनामागे काहीशे रुपये झाला असता, वाचले असते १,८०० च्या वर.

५५ टक्क्यांचा प्रयोग आधी फक्त एफई ५०० वर घ्यायला हवा होता. ऑर्डरींपैकी ६५ टक्के माल तोच होता, बचतीचा मोठा भाग तिथूनच येणार होता. ५००डी ला त्यात ओढण्याचे एकच कारण होते: चार्जचा एकच फलक भट्टीवर लावणे सोपे जाते.

तांब्याकडे मात्र या सगळ्या काळात कुणी पाहिले नाही. स्पंजमध्ये तांबे नसते, त्यामुळे स्पंज वाढल्यावर भंगारातून येणारे तांबे आपोआप पातळ झाले आणि मिलमध्ये सळईच्या पृष्ठभागावरच्या भेगा कमी झाल्या. मिलवाल्यांनी हे ऑगस्टमध्ये नोंदवले होते. जानेवारीत स्पंज कमी करताना ती नोंद कुणी उघडली नाही, आणि फेब्रुवारीत मिसरोल (रोलिंगमध्ये बिघडून वाया गेलेला माल) वाढल्यावर पहिले दहा दिवस रोलच्या पासांना (रोलवरच्या खाचांना) दोष देण्यात गेले. फॉस्फरस स्पंजबरोबर चढतो, तांबे भंगाराबरोबर. चार्जच्या तक्त्यात आता दोन्हीसाठी रकाना आहे. परत आलेले ५८ टन कापून वेगळ्या ढिगात ठेवले होते, ते फक्त एफई ५०० च्या हीटमध्ये, हीटला अर्धा टन याप्रमाणे संपवले.